रिस्टोअर केलेली जुनी गाडी वीस मिनिटांनी बंद पडते, थांबलं की पुन्हा सुरू होते: दोष कसा शोधायचा

घरी स्वतःच्या हातांनी उघडून, साफ करून, रंगवून पुन्हा जुळवलेली जुनी गाडी पहिल्या काही महिन्यांत हा एक त्रास बहुतेक वेळा देते. थंड असताना पहिल्याच सेल्फला सुरू होते, वीस मिनिटं झकास पळते आणि मग बंद पडते. बॉनेट उघडून पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नव्हतं अशी पुन्हा सुरू. घरी आणून तपासली तर सगळं व्यवस्थित. पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

माझ्या गाडीने हा खेळ चार महिने चालवला. तेवढ्या काळात मी कॉइल (बॅटरीच्या करंटचे ठिणगीसाठी हजारो व्होल्ट करणारं वेटोळं) बदलली, कंडेन्सर दोनदा बदलला, पंपाचं डायफ्रॅम नवं टाकलं, कार्बोरेटर तीन वेळा उघडला. दोष त्यातल्या एकातही नव्हता. तो निघाला टाकीत, आणि तिथे तो मीच, रिस्टोअर करताना, घालून ठेवला होता. म्हणून आता मला कुणी हा त्रास सांगितला की मी आधी एवढंच विचारतो: गाडी उघडल्यावर तुम्ही काय काय साफ केलं, रंगवलं आणि नवीन घातलं? शोध तिथूनच सुरू करायचा. पुढचं सगळं पॉइंट-कंडेन्सर (पॉइंट म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), कार्बोरेटर आणि इंजिनावर बसवलेला डायफ्रॅमचा पेट्रोल पंप असलेल्या गाड्यांसाठी आहे.

उष्णता की वेळ?

‘गरम झाली की बंद पडते’ असं आपण म्हणतो आणि तिथेच चुकतो. वीस मिनिटांत इंजिन गरम होतं हे खरं, पण त्याच वीस मिनिटांत दोन-तीन लिटर पेट्रोलही टाकीतून निघून गेलेलं असतं. बंद पडण्याचं कारण उष्णता आहे की इतका वेळ वाहिलेलं पेट्रोल, हे आधी ठरवायचं. मी ते ठरवलं नाही, म्हणून चार महिने गेले.

त्यासाठी दोन चाचण्या आहेत. पहिली: गाडी मोकळ्या हवेत जागेवर उभी करून स्लोवर चालू ठेवा. तापमानाचा काटा स्थिरावला की पुढे आणखी पंधरा-वीस मिनिटं. वारा लागत नसल्याने बॉनेटखाली भरपूर उष्णता साठते, पेट्रोल मात्र अगदी थोडं लागतं. इथे बंद पडली तर उष्णतेवर संशय घ्या: कॉइल, कंडेन्सर, पेट्रोलची वाफ. दुसरी: हवा थंड असताना, पहाटे, निघाल्यापासून चांगल्या वेगाने, जमल्यास चढावर चालवा. इथे वाऱ्याने बॉनेटखालची हवा खेळती राहते, पेट्रोल मात्र जोरात खेचलं जातं. जागेवर अर्धा तास तग धरणारी गाडी इथे ठरल्यासारखी बंद पडली, तर पुरवठा तुटतोय, उष्णतेचा फारसा संबंध नाही.

बंद पडण्याची तऱ्हाही बोलकी असते. करंट गेला की इंजिन चावी फिरवल्यासारखं एकदम गप्प होतं. पेट्रोल संपत आलं की आधी आचके बसतात, ॲक्सिलरेटर दाबला की ताकद वाढण्याऐवजी कमी होते, आणि चोक (मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खुंटी) ओढला की गाडी आणखी थोडं अंतर कुथत कुथत जाते. चोक ओढल्यावर जरा तरी जीव आला, तर तो पेट्रोलचाच प्रश्न समजा. इलेक्ट्रिक आरपीएम मीटर असेल तर त्याच्याकडे लक्ष ठेवा. गाडी गिअरमध्ये असून चाकं इंजिनाला फिरवतायत आणि तरी काटा शून्यावर आपटला, तर कॉइलच्या बाजूचा विद्युतप्रवाहच तुटलाय.

बंद पडल्यावरची पहिली दोन मिनिटं

या प्रकारच्या दोषात पुरावा फार लवकर पुसला जातो. म्हणून बंद पडल्यावर लगेच सेल्फ मारत बसू नका. गाडी सुरक्षित बाजूला घ्या आणि आधीच हाताशी ठेवलेलं सामान काढा: एक जुना चांगला प्लग, टेस्ट लॅम्प, मल्टीमीटर, पाण्याची बाटली, फडकं, आणि आग विझवण्याचं नळकांडं. शेवटची गोष्ट नसेल तर गरम इंजिनावर पेट्रोलचा एकही पाइप उघडायचा नाही.

आधी करंट पाहायचा, मग पेट्रोल. क्रम उलटा केला तर सांडलेल्या पेट्रोलशेजारी ठिणगी पाडायची वेळ येते.

एका प्लगची वायर काढून जुना प्लग तिला लावा, प्लगचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. टचटच आवाज करणारी निळसर ठिणगी आली तर करंटची बाजू बहुतेक ठीक. पिवळट, बारीक, मधूनच येणारी आली किंवा आलीच नाही, तर तिथेच थांबा.

ठिणगी चांगली असेल तर एअर क्लीनर काढा, सेल्फ न मारता कार्बोरेटरच्या तोंडात पाहा आणि ॲक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. ॲक्सिलरेटर पंप असलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची बारीक पिचकारी दिसलीच पाहिजे. नाही दिसली तर फ्लोटची वाटी (कार्बोरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा) रिकामी आहे. पिस्टन वरखाली होणाऱ्या जातीच्या कार्बोरेटरमध्ये ही पिचकारी नसते, तिथे वाटीचं झाकण काढूनच पाहावं लागतं.

एवढं जमलं की निम्मी गाडी संशयातून बाद होते.

करंट जात असेल तर

कंडेन्सरवर सगळे आधी बोट ठेवतात आणि ते चुकीचं नाही. पॉइंट उघडताना त्यांच्या फटीतून उडी मारू पाहणारा प्रवाह कंडेन्सर शोषून घेतो, त्यामुळे कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र झटक्यात कोसळतं आणि हजारो व्होल्ट तयार होतात. आतला जोड गरम होऊन सुटला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटमध्येच पडत राहते. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून, अंधारात, सेल्फ मारताना पॉइंटमध्ये ठळक निळा जाळ दिसला तर कंडेन्सर गेला. पण नवा घातलाय म्हणून तो चांगला आहे असं धरू नका. माझ्या हातात दोनदा पेटीतून काढलेला नवा कंडेन्सर सदोष निघाला. उघडलेल्या गाडीचा जुना, चालणारा कंडेन्सर चिठ्ठी लावून जपून ठेवा, नव्यापेक्षा त्याचा भरवसा जास्त. रस्त्यावर तो कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकापासून इंजिनाच्या धातूपर्यंत क्लिपांनी जोडून पाहता येतो. आतला कंडेन्सर नुसता सुटलेला असेल तर गाडी तिथल्या तिथे सुरू होते. आतला शॉर्ट झालेला असेल तर मात्र आधी त्याची वायर काढावी लागते.

आता ज्या जागेकडे फार कमी लोक पाहतात तिथे या. डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि रोटर काढा. पॉइंट ज्या गोल पत्र्यावर बसलेत तो व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे (इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढे नेणारी सोय) थोडासा फिरतो. तो फिरता पत्रा डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला जोडणारी बोटभर लांबीची एक विणलेली, मऊ तार असते, बऱ्याचदा सुती वेष्टनातली. पॉइंटची अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट परत जाण्याची वाट) हीच. वर्षानुवर्षं वाकून तिचे धागे आतल्या आत तुटतात, वेष्टन मात्र शाबूत राहतं, त्यामुळे डोळ्याला ती धडधाकट दिसते. जागेवर स्लोवर पत्रा एका जागी असतो, तुटलेली टोकं टेकलेली असतात. रस्त्यावर पत्रा फिरला की टोकं सुटतात. रिस्टोअर करताना आपण डिस्ट्रिब्युटर धुतो, ही तार मळकी दिसते म्हणून तिच्या जागी साधी वायर डाखतो, आणि ती ताठ वायर काही महिन्यांत तुटते. तिथे विणलेली मऊच तार हवी.

तपासायला सोपं आहे. पॉइंट बंद स्थितीत आणा, इग्निशन चालू करा, मल्टीमीटरचं एक टोक त्या पत्र्याला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थच्या टोकाला लावा. वाचन शून्याजवळ यावं. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ कच्ची. आता व्हॅक्यूमच्या नळीला स्वच्छ रबरी नळी जोडून तोंडाने हवा ओढा. पत्रा सरकताना दिसेल. त्याच क्षणी वाचन उडालं तर तार तुटलेली आहे. हे सगळं मिनिटभरात उरका. पॉइंट बंद असताना इग्निशन चालू ठेवून दिलं तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. रिस्टोअर होत असलेल्या कितीतरी गाड्यांच्या कॉइली रस्ता बघण्याआधी अशाच खराब होतात.

टेस्ट लॅम्पनेही लवकर निदान होतं. कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि अर्थला लॅम्प लावून सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट त्यांचं काम करतायत. सतत पेटून राहिला तर पॉइंट बंद होत नाहीत किंवा त्यांची अर्थ तुटली आहे. पेटलाच नाही तर पुरवठाच येत नाही, कॉइलच्या आतलं वेटोळं तुटलंय, किंवा पॉइंटकडे कुठेतरी शॉर्ट आहे.

कॉइलबद्दल एक गोष्ट रिस्टोअर करणाऱ्याने पक्की माहीत करून घ्यावी. १२ व्होल्टच्या साध्या कॉइलच्या प्रायमरीचा (पुरवठ्याच्या बाजूच्या वेटोळ्याचा) रोध साधारण ३ ओहम असतो. बॅलास्टवाल्या कॉइलचा साधारण १.५ ओहम, आणि तिच्या वाटेत एक वेगळा रोध, म्हणजे बॅलास्ट, जोडलेला असतो. काही गाड्यांत, विशेषतः १९७० च्या दशकातल्या, हा रोध वेगळा तुकडा नसतोच. वायरिंगमधली एक लांब वायरच रोधाची असते. वायरिंग नवी करताना ती साध्या तांब्याच्या वायरने बदलली की १.५ ओहमच्या कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट मिळू लागतात. ती तापते आणि वीस-पंचवीस मिनिटांत हार मानते. इग्निशन बंद करून तिची प्रायमरी मोजा. १.५ च्या आसपास आली तर पॉइंट बंद असताना तिच्या पुरवठ्याच्या टोकाला ६ ते ९ व्होल्ट दिसले पाहिजेत. तिथे बॅटरीइतके व्होल्ट असतील तर रोध हरवलाय.

आणि रंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून इंजिन ते बॉडी अशी जाड अर्थची पट्टी लागते. आपण बॉडी रंगवतो, कंस पावडर कोटिंग करून आणतो आणि पट्टी त्या सुंदर रंगावरच कसतो. रंग वीज नेत नाही. मग सेल्फचा प्रवाह चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर निदान झालंच. बोल्टखालची जागा चकाकेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, कसा, आणि वरून ग्रीस लावा म्हणजे गंज धरणार नाही.

पेट्रोल पोहोचत नसेल तर

सगळे म्हणतात ‘व्हेपर लॉक’, म्हणजे पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. मीही तेच धरून बसलो होतो. खरा व्हेपर लॉक ओळखायला पाणी पुरतं: बंद पडल्याबरोबर पंपावर आणि पंपाच्या आधीच्या पाइपवर ओलं फडकं गुंडाळा. दोन-तीन मिनिटांत सुरू झाली आणि फडक्याशिवाय पंधरा मिनिटं लागत असतील, तर वाफ होतेय.

पेट्रोल एका ठरावीक तापमानाला उकळत नाही, त्यातले हलके घटक ३५–४० अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात. आजचं पेट्रोल दाबाखाली चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांसाठी असतं. थोडं इथेनॉल मिसळलं की बाष्पदाब आणखी वाढतो. त्यामुळे पूर्वी जुन्या गाडीला चालून जायचं ते आज चालत नाही. तरीही कारखान्यातून निघालेल्या गाडीत यासाठी सोय केलेली असते: कार्बोरेटरखालचा जाड बॅकेलाइटचा ठोकळा, पंप आणि सायलेन्सरच्या पाइपमधला पत्रा, रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्या. गाडी जुळवून झाल्यावर उरलेल्या तुकड्यांचा डबा काढा आणि त्यात हे आहेत का पाहा. सोडवताना काढलेले फोटोही पाहा. पेट्रोलचा पाइप मुळात कुठून जात होता आणि तुम्ही तो कुठून नेलात? नवा पाइप एक्झॉस्टपासून दोन बोटांवरून नेलेला मी स्वतः पाहिलाय.

ओल्या फडक्याने फरक पडला नाही तर कार्बोरेटरपासून टाकीकडे मागे मागे जा.

टाकीचं झाकण सैल करा. आत हवा ओढल्याचा सूं आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं श्वासछिद्र बुजलंय, किंवा बाजारातलं छिद्र नसलेलं झाकण बसवलंय.

रबरी नळ्या बदला, चांगल्या दिसत असल्या तरी. इथेनॉलने जुन्या रबराचा आतला थर सुटतो आणि पेट्रोल जोरात वाहू लागलं की झडपेसारखा आड येतो. बाहेरून नळी अखंडच दिसते. इथेनॉल सोसणारी, एसएई जे३० आर९ दर्जाची नळी घ्या. पंपाच्या आधीच्या बाजूला बारीक चीर असेल तर तिथून पेट्रोल गळत नाही, उलट पंप हवा ओढतो, म्हणून कोरडी नळी म्हणजे चांगली नळी असं मानू नका. पारदर्शक फिल्टर अर्धा रिकामा दिसतो, त्यावरून मात्र काहीच ठरवू नका. तो तसा असूनही गाडी उत्तम चालते.

टाकी

माझा प्रश्न सुटला तो वेगळ्या डब्याने. गाडी उघड्यावर उभी केली, पेट्रोलचा स्वच्छ धातूचा डबा एक्झॉस्टपासून लांब जमिनीवर ठेवला, त्यातून नळी थेट पंपाला दिली आणि इंजिन चढ्या गतीवर ठेवलं. तासभर चाललं. तोच प्रयोग गाडीच्या टाकीवर केला आणि पंचविसाव्या मिनिटाला आचके सुरू झाले. म्हणजे कॉइल, पॉइंट, पंप, कार्बोरेटर सगळे निर्दोष. हा प्रयोग फक्त जागेवर करायचा. डबा गाडीत ठेवून रस्त्यावर कधीही जाऊ नये.

टाकी उतरवली, तळाच्या भोकातून टॉर्च मारला. गंज थांबावा म्हणून आत ओतलेल्या सीलरचा थर एका बाजूने सुटला होता. कांद्याच्या पापुद्र्यासारखा, जवळजवळ पारदर्शक, नखाएवढा एक तुकडा ओढनळीच्या तोंडाशी लोंबत होता. पंप ओढू लागला की पेट्रोलच्या प्रवाहाबरोबर तो हळूहळू येऊन तोंडावर बसायचा. इंजिन बंद झालं, ओढ थांबली, की गळून बाजूला व्हायचा. थंड होण्यासाठी म्हणून मी जी पंधरा मिनिटं थांबत होतो, ती त्या पापुद्र्याला गळून पडायला लागत होती.

थर सुटला कारण मी तो नीट साफ न झालेल्या पत्र्यावर ओतला होता. आत तेलकटपणा आणि सैल गंज होता. सीलर न ओतलेल्या टाकीतही हेच घडतं, फक्त पापुद्र्याच्या जागी गंजाचा भुगा असतो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या तळाशी चिकटून बसलेला गंज ताज्या पेट्रोलने आणि हेलकाव्यांनी मोकळा होतो.

पुन्हा केलं ते असं. टाकी पूर्ण रिकामी करून भरपूर पाण्याने आणि डिटर्जंटने अनेकदा धुतली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. तिच्यावर वेल्डिंग, ग्राइंडर किंवा ड्रिल घरी चालवू नका, कितीही धुतली असली तरी. थर काढायला मूठभर नट आत टाकून टाकी हलवत राहिलो. नट मोजून टाका आणि मोजून काढा. मग सायट्रिक ॲसिड, लिटरला साधारण १०० ग्रॅम, कोमट पाण्यात रात्रभर. सकाळी पत्रा राखाडी झालेला दिसतो. पाण्याने धुवून खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवलं, पुन्हा धुतलं आणि लगेच गरम हवेने वाळवलं. इथे तासभर जरी रेंगाळलात तरी डोळ्यांदेखत नारिंगी गंज धरतो. वाळल्यावर पातळ तेल आतून फिरवलं. सीलर पुन्हा घातला नाही. टाकीला भोक नसेल आणि गाडी नियमित चालणार असेल तर तो लागत नाही, असं माझं ठाम मत झालंय. ओढनळीची जाळी नवी घातली, पाइपातून टाकीच्या दिशेने हवा मारली.

यातलं काहीच नसेल तर

ठिणगी चांगली, वाटी भरलेली, तरी गरम असताना सुरू होत नसेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट, पाहा. हेड नव्याने बसवल्यावर व्हॉल्व्हची फट कमी होत जाते. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं. कॉम्प्रेशन थंड आणि गरम असं दोन्ही वेळा मोजलं की फरक कळतो. फटीचा आकडा मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यायचा.

काटा खरोखरच लाल रेषेकडे जात असेल तर रेडिएटर बघा. ब्लॉक धुतल्यावर सुटलेला गंज तिथेच जाऊन अडकतो. ठिणगीचं टायमिंग मागे पडलेलं असलं तरी इंजिन तापतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्याने, तितक्याच वेगाने, तितकाच वेळ गाडी चालवून वहीत लिहा. टाकीचं काम झाल्यावर मी पंपाआधी नवा फिल्टर लावला आणि ५०० किलोमीटरनंतर तो कापून उघडला. आत चिमूटभर बारीक भुगा होता, पापुद्रा एकही नव्हता. दुसरा फिल्टर १,००० किलोमीटरला कापला, तो स्वच्छ निघाला.